चिठ्ठी हातात आली, आता पुढे? मेडिकलच्या काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या मेडिकलमध्ये दरवर्षी डी.फार्म.ची (फार्मसी पदविकेची) दोन-तीन मुलं प्रशिक्षणाला येतात. दोन वर्षांचा अभ्यास झाला की किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरं करायचं आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेले पाहिजेत, असा नियम आहे. मुलं हुशार असतात. कुठलं औषध यकृतात मोडतं, कुठलं मूत्रपिंडातून जातं, सगळं पाठ असतं. पण समोर एखादी आजी अर्धी कापलेली स्ट्रिप धरून 'नेहमीचीच गोळी दे रे बाबा' म्हणाली की गडबडतात.

आणि बऱ्याच दुकानांत त्या तीन महिन्यांचं काय होतं तेही मी पाहिलंय. मुलगा खोके फोडतो, माल लावतो, बिलं करतो, चहा सांगतो, आणि शेवटी वहीवर सही-शिक्का घेऊन जातो. २५० तास कागदावर भरतात. मग ज्या दिवशी तो स्वतःच्या नोंदणीवर कुठेतरी उभा राहतो, त्या दिवशी चिठ्ठी पहिल्यांदा एकट्याच्या हातात येते आणि चुकलं तर सांगायला शेजारी कुणी नसतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. म्हणून मी आमच्याकडच्या मुलांना जे आणि ज्या क्रमाने शिकवते, ते इथे लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा. औषध काढणं हे एक काम आणि औषध देणं हे दुसरं. काढणं म्हणजे चिठ्ठीवरचं नाव वाचून बरोबर डबा शोधणं. ते महिन्याभरात हाताला बसतं. देणं म्हणजे ते औषध या माणसाला, या मात्रेत, आज योग्य आहे का ते पाहणं आणि घरी गेल्यावर तो ते नीट घेईल याची खात्री करणं. गर्दीच्या वेळी आपण नुसतं काढतो आणि दिलं असं समजतो. खालच्या सगळ्या पायऱ्या ही दोन कामं वेगळी ठेवण्यासाठी आहेत.

कोणी काय करायचं

परदेशात 'फार्मसी टेक्निशियन' असं वेगळं पद असतं. आपल्याकडे कायद्यात तसं काही नाही. एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, आणि बाकी सगळे मदतनीस. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमावलीतल्या नियम ६५ प्रमाणेही ही विक्री फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हायला हवी. फार्मासिस्ट जेवायला गेलाय आणि सर्टिफिकेट भिंतीवर आहे, ही देखरेख नव्हे.

तेव्हा तुम्ही बारावी करून दुकानात लागलेले मदतनीस असाल तर माल लावा, औषध काढून ट्रेमध्ये ठेवा, बिल करा. पण ट्रे ग्राहकाकडे सरकवण्याआधी फार्मासिस्टच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. डी.फार्म. झाला असाल तर महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडची नोंदणी आधी करून घ्या. परिषदेचं कार्यालय इथून जवळच, मुलुंड पश्चिमेला एलबीएस मार्गावर राज्य कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात आहे. नोंदणी हातात येईपर्यंत तुम्हीही मदतनीसच, हे लक्षात असू द्या.

पहिला आठवडा: फक्त कपाटं

पहिले सहा दिवस मी कुणालाही काउंटरवर घेत नाही. रॅकपुढे उभं राहायचं आणि रोज दहा औषधं निवडायची. प्रत्येकाचं ब्रँडचं नाव, आतला घटक, ताकद, प्रकार आणि कशासाठी, हे वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं. छापील यादी देता येईल, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं.

यात नावापुढच्या शेपटांकडे विशेष लक्ष द्या. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० एकटी असते, 'एएम' लागलं की त्यात अॅम्लोडिपिन आलं, 'एच' लागलं की लघवी वाढवणारं औषध आलं. 'एसआर' किंवा 'एक्सआर' म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, ती सहसा चुरून द्यायची नाही. 'एमडी' जिभेवर विरघळते, 'डीटी' पाण्यात विरघळवून देतात. शेपूट वाचलं नाही तर नाव बरोबर आणि औषध चूक अशी गत होते.

माल लावताना ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवा. मुदतीत फक्त महिना आणि वर्ष छापलं असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. पण तीन महिन्यांच्या गोळ्या नेणाऱ्याला पुढच्या महिन्यात संपणारी स्ट्रिप देणं नियमात बसलं तरी शहाणपणाचं नाही.

चिठ्ठी वाचणं

चिठ्ठी हातात आली की औषधांच्या नावांवर झेप घेऊ नका. वरपासून वाचा: डॉक्टरांचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, सही; तारीख; पेशंटचं नाव आणि वय. मग नाव विचारा. 'तुमचं नाव काय?' असं विचारा; 'तुम्ही शिंदे ना?' असं नको. घाईत असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि समोरचा माणूसच पेशंट आहे की तो कुणासाठी घ्यायला आलाय, तेही तेव्हाच कळतं.

मात्रेची खूणभाषा ठाऊक असेलच: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस गरज लागेल तेव्हा, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. आपल्याकडे १-०-१ ची पद्धत जास्त चालते आणि ती सोपीही आहे. पण काही जागा निसरड्या आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ओडी'चा अर्थ उजवा डोळा असा असू शकतो. 'बीडी × ५' म्हणजे पाच दिवस, म्हणजे दहा गोळ्या. पाच गोळ्या नव्हेत. ०.५ मधलं टिंब पुसट असेल तर ५ दिसतं. इन्सुलिनच्या आकड्याला चिकटून लिहिलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात. थायरॉइड कमी असलेल्यांच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, तिथे मिलिग्रॅम वाचलंत तर हजारपटीचा फरक.

अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. शेजारच्या सेल्समनला 'हे काय वाटतं रे' असं विचारणं हाही अंदाजच आहे, फक्त दोघांनी मिळून केलेला. डॉक्टरांना फोन करा. नवी मुलं फोन करायला फार घाबरतात. डॉक्टर चिडतील, लोक काय म्हणतील. क्वचित चिडतात, खोटं कशाला बोलू. तरी करा. मी मुलांना वाक्यं पाठ करायला लावते:

'नमस्कार डॉक्टर, वर्तकनगरच्या मेडिकलमधून फार्मासिस्ट बोलतेय. तुमच्या पेशंट, साठीच्या बाई, माझ्यासमोर आहेत. चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट साडेसात मिलिग्रॅम ओडी दिसतंय. आठवड्यातून एकदाच ना, एवढं विचारायला फोन केला.'

कोण, कुठून, कोणता पेशंट, काय दिसतंय, काय विचारायचंय. अर्ध्या मिनिटात आटपतं. मेथोट्रेक्झेटचं उदाहरण मुद्दाम घेतलं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आहे. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. ही गोळी देताना मी पाकिटावर वार लिहिते, 'फक्त बुधवार', आणि काकूंकडून मोठ्याने म्हणवून घेते. सोबत फॉलिक अॅसिड असेल तर त्याचा वार वेगळा लिहिते.

औषध काढणं

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. दुसरं दुकान होतं. एका सरकारी केसपेपरवर औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडऐवजी आतल्या घटकाचं नाव होतं, सुरुवातीची चार अक्षरं स्पष्ट आणि पुढे नुसती लाट. पुढे १० मिलिग्रॅम, टीडीएस. मी 'कार्बामाझेपिन' वाचलं, फिटची गोळी, आणि १०० ची स्ट्रिप काढून ट्रेमध्ये ठेवली. शून्य राहिलं असेल असं मीच ठरवून टाकलं. त्या दुकानात एक वयस्क फार्मासिस्ट होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी चिठ्ठी पाहिली, स्ट्रिप पाहिली, आणि मला एवढंच विचारलं, 'ही गोळी दहामध्ये येते का गं?' नाही येत. दहामध्ये येते ती कार्बिमाझोल, थायरॉइड जास्त असलेल्यांची. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, छातीत धडधडतं, वजन उतरलंय, गळ्याची तपासणी झालीय. हे सगळं माझ्यासमोर उभं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी ताकदीला साक्षीदार म्हणते. नाव आणि ताकद जुळत नसेल तर नाव चुकीचं वाचलंय असं धरून चाला. अशा जोड्यांची यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा: क्लोबाझम आणि क्लोनाझेपाम, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन, लिवोसेट्रिझिन आणि लिवोफ्लॉक्सासिन. रॅकमध्येही त्यांना शेजारी ठेवू नका, अक्षरक्रम मोडला तरी चालेल.

काढताना एकच चिठ्ठी, एकच ट्रे. दोन माणसांची औषधं काउंटरवर एकत्र मांडली की सरमिसळ ठरलेली. प्रत्येक औषध तीनदा वाचा: रॅकमधून उचलताना, ट्रेमध्ये ठेवताना, आणि चिठ्ठीशेजारी धरून. डब्याच्या रंगावरून औषध ओळखायची सवय लागली की हे वाचणं बंद होतं. कंपन्या रंग बदलतात आणि एकाच कंपनीचे चार डबे सारखेही असतात.

स्ट्रिप कापायची असेल तर ज्या टोकाला मुदत आणि बॅच नंबर छापलाय ते टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं, असं जुने लोक सांगतात, कारण उरलेला माल ओळखता आला पाहिजे. बरोबर आहे. पण पेशंटचं काय? त्याच्या हातात नाव नसलेल्या चार चंदेरी चौकटी जातात. म्हणून पाकिटावर नाव, ताकद, बॅच, मुदत लिहा. तीस सेकंद लागतात. आणि कापताना गोळीची चौकट फोडू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात जुलैमध्ये उघडी पडलेली गोळी दोन-चार दिवसांत मऊ पडते.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर असलेली बाटली बऱ्याच आया-बाबा घरी नेऊन चुकीची कालवतात. शक्य असेल तर समोर करून दाखवा. आधी बाटली उलटी-सुलटी करून तळाची पावडर मोकळी करायची. मग सोबत आलेलं निर्जंतुक पाणी, किंवा उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, निम्मं घालून हलवायचं, मग खुणेच्या रेघेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा परत रेघ पाहायची. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर आणि किती दिवस चालेल ते लेबलावर वाचून सांगा. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचं औषध साधारण सात दिवस, तेही फ्रिजमध्ये. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

इन्सुलिनच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. आपल्याकडे कुप्या बहुधा ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०) असतात आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. ४० च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. कुपी आणि सिरिंज नेहमी एकत्र काउंटरवर ठेवून आकडे जुळवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वाया गेलेलं असतं.

एच, एच१, एक्स

एच, एच१, एक्स ही औषध नियमावलीतल्या शेड्यूलांची, म्हणजे औषधांच्या याद्यांची नावं. पुस्तकात हे सगळं आहे, मी काउंटरपुरतं सांगते. शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. एच१ मध्ये सेफिक्झिम, लिवोफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, टीबीची औषधं वगैरे येतात. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहायची: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या. वही तीन वर्षं जपायची. ही नोंद तेव्हाच्या तेव्हा करा. रात्री बिलं बघून आठवून भरलेली वही म्हणजे कादंबरी. टीबीच्या औषधांची विक्री आरोग्य विभागाला कळवणंही बंधनकारक आहे. शेड्यूल एक्सची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानात दोन वर्षं राहते, आणि त्यासाठी परवानाच वेगळा. तो नसेल तर पेशंटला सरळ सांगा आणि कुठे मिळेल ते सुचवा.

औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाका. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर ती चिठ्ठी एकदाच चालते. शिक्का नसला की झोपेच्या गोळीची एकच चिठ्ठी जांभळी नाक्यापासून मानपाड्यापर्यंत फिरते.

ब्रँड उपलब्ध नसेल तर? 'कंटेंट तोच आहे, हे घ्या' हे वाक्य आपल्या काउंटरवर सर्रास ऐकू येतं. पण शेड्यूल एच आणि एक्सच्या चिठ्ठीवर एकाऐवजी दुसरं औषध परस्पर देण्याची मुभा नियम ६५ देत नाही. डॉक्टरांना फोन करा, बदल चिठ्ठीवर लिहा, पेशंटला सांगा. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने लिहिलं असेल तर मात्र पेशंटला स्वस्त-महाग दोन्ही दाखवा आणि निवडू द्या. गोळ्यांचा महिन्याचा खर्च न झेपल्याने एक दिवसाआड गोळी घेणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत.

औषध देणं

इथे थांबा. ट्रे भरला, बिल झालं, पिशवी उघडली. आता पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक औषध चिठ्ठीशी पुन्हा जुळवा आणि चार प्रश्न विचारा. कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? बाई असतील आणि वय तसं असेल तर, दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजताय का? मूल असेल तर वजन किती?

वजनाचा प्रश्न सोडू नका. लहान मुलांचं पॅरासिटामॉल एक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा थेंबांत येतं, ५ मिलिलिटरमध्ये १२० च्या सिरपमध्ये येतं आणि २५० च्याही. एका वेळची मात्रा किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० चं ५ मिलिलिटरचं एक माप बरोबर बसतं, २५० चं दुप्पट होतं. हा हिशोब तुम्हाला तोंडी यायला हवा. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असेल तर चार वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरायचं नाही, असं औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये कळवलंय. ताप-दुखण्याचं निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. तरी 'ताई, मागच्या वेळी याच सिरपने बरं वाटलेलं' म्हणत मोठ्या भावाची बाटली धाकट्यासाठी मागायला लोक येतात.

मग समजावणं. तीन गोष्टी: कशासाठी, कसं, किती दिवस. आपल्या दुकानात येऊरच्या पाड्यावरचे लोक येतात, वागळे इस्टेटमध्ये पाळीवर जाणारे कामगार येतात, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून एकटं राहणारे आजी-आजोबा फोनवर मागवतात. प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. रात्रपाळीच्या कामगाराला 'सकाळी नाश्त्यानंतर' म्हणजे केव्हा? तो सकाळी झोपतो. त्याला जेवणाला धरून सांगा, आणि मधुमेहाची गोळी असेल तर पाळीप्रमाणे वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना विचारून सांगा. वाचता न येणाऱ्या मावशींच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा आणि प्रत्येकाखाली जितक्या गोळ्या तितकी टिंबं.

काही औषधांची एकेक गोष्ट सांगितलीच पाहिजे. थायरॉइड कमी असलेल्यांची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याने, आणि चहा अर्ध्या तासानंतर. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा नंतर. रक्तातली साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड घेऊन जेवण टाळायचं नाही. चतुर्थीला किंवा एकादशीला उपास आहे का ते मी आवर्जून विचारते, कारण गोळी घेऊन उपास केलेली माणसं घाम फुटून, हातपाय थरथरत आलेली मी पाहिली आहेत. लोहाची गोळी चहाबरोबर नको. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सिसायक्लिन लिहितात. ती पेलाभर पाण्याने घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम होते.

सांगून झालं की 'समजलं ना?' असं विचारू नका. सगळे मान हलवतात. 'काकू, आता घरी गेल्यावर ही कशी घेणार, मला सांगा बघू' असं म्हणा. परवाच एक काकू म्हणाल्या, 'ही लाल सकाळी, ही पांढरी रात्री, आणि ही इन्हेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर.' ती कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते, गिळायची नाही. विचारलं नसतं तर महिनाभर त्या गिळत राहिल्या असत्या आणि दम काही कमी झाला नसता.

आवाज हळू ठेवा. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, मानसिक आजाराच्या चिठ्ठ्या शहरातल्या दुकानांत रोज येतात. 'ही डिप्रेशनची ना?' असं चार माणसांत विचारलंत तर तो पेशंट तुमच्याकडे परत येणार नाही, आणि गोळ्याही सोडून देईल. त्याला बाजूला घ्या. एचआयव्ही, टीबी, गर्भनिरोधकं, सगळ्यांना हेच.

नाही म्हणणं

'ताई, अॅझिथ्रोमायसिनच्या तीनच गोळ्या द्या, घसा दुखतोय.' हे अँटिबायोटिक, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, तरी असं रोज पाचदा तरी होतं. ओळखीचा माणूस असतो, शेजारचा मेडिकलवाला देतो हेही त्याला ठाऊक असतं. वाद घालू नका, कायदा ऐकवू नका. ताप किती दिवस आहे, गिळायला त्रास होतो का ते विचारा, मिठाच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉलपुरतं सांगा, आणि दोन दिवसांत उतार नसेल तर अमुक दवाखान्यात जा असं पत्त्यासकट सांगा. माणूस रिकाम्या हाताने पण सल्ला घेऊन गेला की रागावत नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, बाळ निपचित पडणं, अशा गोष्टी ऐकल्या तर औषध काढूच नका, थेट रुग्णालयात पाठवा.

चूक झाली तर

होते. माझ्याकडून झालीय. पॅरासिटामॉलचं १२० चं सिरप लिहिलेलं असताना मी २५० चं दिलं. दहा मिनिटांनी डबा रॅकमध्ये सरकवताना लक्षात आलं. बिलावर मोबाइल नंबर नव्हता. बाई लोकमान्यनगरच्या बाजूला वळल्या होत्या एवढंच आठवत होतं. दुकानातला मुलगा सायकल घेऊन निघाला आणि दुसऱ्या चाळीत त्या सापडल्या, बाटलीचं सील अजून फोडायचं होतं. त्या दिवसापासून मूल, म्हातारं माणूस आणि इन्सुलिन यांच्या बिलावर नंबर घेतल्याशिवाय आम्ही पिशवी देत नाही.

चूक कळली की क्रम हा: पेशंटला लगेच गाठा, घेऊ नका म्हणा, घेतलं असेल तर डॉक्टरांना कळवा, मालकाला सांगा, आणि काय झालं ते वहीत लिहा. मुलांनो, लपवू नका. मालक ओरडेल, ओरडू दे. औषध बरोबर असूनही पेशंटला अंगावर पुरळ वगैरे त्रास झाला तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं.

बॅच नंबर का महत्त्वाचा, ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यांना कळलं. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली आणि आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबवायला सांगितलं. अशी सूचना आली की संगणकात बॅच टाकून पाहायची, माल असेल तर वेगळा करून 'विकू नये' लिहून बांधायचा, आणि कुणाला दिला असेल तर फोन करायचे. बिलावर बॅच नीट नोंदलेली नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

शटर खाली ओढण्याआधी

रात्री दहाला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की नव्या मुलाला मी पंधरा मिनिटं थांबवते. फ्रिजचं तापमान वाचून वहीत लिहायचं. दिवसा वीज गेली असेल तर किती वेळ, तेही. एच१ची वही आणि त्या औषधांची बिलं जुळवायची. संपलेली औषधं शॉर्टबुकात (मागवायच्या मालाच्या वहीत), मुदत संपलेली वेगळ्या खोक्यात. शेवटी दिवसभरातली त्याला अडलेली एक चिठ्ठी, जिचा फोटो त्याने पेशंटचं नाव झाकून काढून ठेवलेला असतो, ती दोघं मिळून पुन्हा वाचतो. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला फोन करायचे त्यांची नावं एका चिठोऱ्यावर लिहून गल्ल्यात ठेवतो: नवीन इन्सुलिन सुरू झालेले आजोबा, सात दिवसांचं अँटिबायोटिक नेलेली मुलगी, बुधवारची गोळीवाल्या काकू.